हेलिकॉप्टरची सहल ठरवताना

हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या.

भात झोडून घरात आलं की आपल्या मुळशीतल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. पुढच्या वर्षी सहलीला कुठे जायचं? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. आळंदी, अष्टविनायक, पंढरपूर, फार तर कोल्हापूर. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि या सहली हाताशी आल्या. आता बायकांचं मन पुढे धावतंय. आमच्या गटाच्या बैठकीत परवा एका काकूंनी सरळ सांगितलं, "जन्मभर चिखलात वाकून आवणी केली आणि मान वर करून हेलिकॉप्टर बघितलं. एकदा वरून खाली बघायचंय."

सगळ्या हसल्या, पण विषय हसण्यावारी गेला नाही. कुणाला केदारनाथला हेलिकॉप्टरने जायचं होतं, कुणाला नुसतंच विमानात बसायचं होतं. एकीला भीती वाटत होती, पण तसं बोलायची लाज वाटत होती. म्हणून आम्ही ठरवलं, आधी नीट माहिती काढायची आणि मग हात वर करायचे. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिलं म्हणजे, आपल्याला नक्की कशासाठी उडायचंय? याची उत्तरं तीन असतात आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा. एक, वाट चढवत नाही म्हणून. केदारनाथ आणि वैष्णोदेवीचं हेलिकॉप्टर या कामाचं. वैष्णोदेवीला कटऱ्याहून सांझीछतला काही मिनिटांत सोडतात, तिथून भवनापर्यंत सुमारे अडीच किलोमीटर चालावं लागतं. दोन, नुसतं वरून बघण्यासाठी. जत्रेच्या, महोत्सवाच्या मैदानावरून पाच-दहा मिनिटांची फेरी मारून आणतात ती, किंवा नेपाळमध्ये काठमांडूहून हिमालय दाखवायला नेणारं विमान. तीन, विमानात एकदा बसायचंय, एवढीच हौस. त्याला हेलिकॉप्टर लागतच नाही. आमच्या बैठकीत पंधराजणी हेलिकॉप्टर म्हणत होत्या. नीट विचारल्यावर त्यातल्या सहाजणी तिसऱ्या प्रकारातल्या निघाल्या. त्यांचा खर्च तिथेच कमी झाला.

आता धोक्याचं बोलू. लपवून उपयोग नाही, कारण ते आपल्या दारातच घडलंय. 2024 च्या 24 ऑगस्टला मुंबईहून हैदराबादला निघालेलं हेलिकॉप्टर भर पावसाच्या दिवशी आपल्या पौडजवळ कोसळलं. आतले चौघे वाचले. त्यानंतर सव्वा महिन्याने, 2 ऑक्टोबरला, बावधनच्या टेकड्यांत सकाळी उडाल्यावर थोड्याच वेळात दुसरं हेलिकॉप्टर पडलं आणि तिघांचा जीव गेला. त्या सकाळी तिथे धुकं होतं. ही दोन्ही हेलिकॉप्टरं दोन-दोन इंजिनांची होती. म्हणजे "आमचं मशीन दोन इंजिनांचं आहे, काळजी नको" असं कुणी म्हणालं, तर चांगलं आहे म्हणावं, पण धुक्याचं काय ते विचारावं. केदारनाथच्या फेऱ्या तर बहुतेक एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरने होतात.

तिकडे 18 ऑक्टोबर 2022 ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गरुडचट्टीजवळ कोसळून सातजण गेले. 15 जून 2025 ला पहाटे गौरीकुंडजवळ पुन्हा तसंच झालं, पुन्हा सातजण गेले. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. दोन्ही वेळी हवा खराब होती, समोरचं दिसत नव्हतं, असं सांगितलं गेलं.

एवढ्यावरून कुणी जाऊच नये असं आम्ही म्हणत नाही. रोज किती फेऱ्या सुखरूप होतात. पण डोंगरातल्या हेलिकॉप्टरचा वैमानिक डोळ्यांनी बघून उडतो. दरीत ढग उतरला की रस्ता पुसला जातो. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात गाडीच्या काचेपुढे पांढरं होतं ना, तसंच. गाडी कडेला लावता येते, हेलिकॉप्टर हवेत कुठे लावणार? म्हणून "आज उडायचं नाही" हा निर्णय जमिनीवरच व्हायला हवा.

आणि इथेच आपल्या पैशांचा संबंध येतो. विचार करा. दोन वर्षं महिन्याला चारशे-पाचशे बाजूला टाकून आपण पैसे जमवले. रद्द झालं तर ते परत मिळणार नाहीत. दुसऱ्या दिवशी हरिद्वारहून परतीची गाडी आहे. घरी म्हशीचं दूध काढायला जाऊबाईंना चारच दिवस सांगितलंय. अशा वेळी समोर ढग दिसत असले तरी आपणच म्हणू, "बघा ना साहेब, जरा उघडलंय." जिथे प्रवाशाची घाई आणि धंद्याची घाई एक होते, तिथे नको म्हणायला कुणी उरत नाही.

म्हणून आमच्या गटाने एक नियम केला आणि तो तुम्हीही करावा असं वाटतं. ज्या सहलीत आपल्याला "आज नको" म्हणता येतं, तीच सहल निवडायची. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. हवा खराब म्हणून उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळतील, हे कागदावर हवं. आणि सहलीत एक दिवस मोकळा हवा. त्या दिवसाचा मुक्काम-जेवणाचा खर्च आधीच धरायचा. हे दोन्ही परवडत नसेल, तर हेलिकॉप्टर आपल्याला अजून परवडत नाही, असं समजून आणखी वर्षभर पैसे साठवायचे.

हा नियम लगेच कामाला आला. ओळखीतून एका एजंटाचा फोन आला. केदारनाथ हेलिकॉप्टरसह, सगळं मिळून इतके हजार, आजच निम्मे पाठवा, उद्या भाव वाढेल. आम्ही फोन स्पीकरवर ठेवून दोनच प्रश्न विचारले. हेलिकॉप्टर कोणत्या कंपनीचं? आणि उडालं नाही तर पैसे किती दिवसांत परत? पहिल्यावर तो म्हणाला, तिथे गेल्यावर कळेल. दुसऱ्यावर म्हणाला, ताई, असं अशुभ कशाला बोलता! आम्ही नमस्कार करून फोन ठेवला.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरच्या तिकिटासाठी एजंटाची गरजच नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून फेऱ्या सुटतात आणि त्यांची तिकिटं रेल्वेची तिकिटं देणाऱ्या आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात. पत्ता सावकाश सांगतो, लिहून घ्या: हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन. त्याआधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक तिकिटाला लागतो. 2025 च्या हंगामाच्या सुरुवातीला फाटा किंवा सिरसीहून जाऊन-येऊन माणशी साधारण 6 हजार आणि गुप्तकाशीहून साधारण साडेआठ हजार भाडं होतं. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते बरंच वाढलं. तेव्हा हिशेब करताना जुने आकडे धरू नका, तिथे त्या दिवशी दिसेल तो धरा. आणि आपण स्वतः तिकीट रद्द केलं तर किती कापतात, हवेमुळे रद्द झालं तर किती मिळतात, हे पैसे भरण्याआधी गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.

या नावाने खोटी संकेतस्थळं काढून लोकांना लुबाडण्याचे प्रकार खूप झालेत. पोलीस ती बंद करतात, पुन्हा नवी निघतात. ओळख सोपी आहे. कुणी व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवून एखाद्या माणसाच्या खात्यावर पैसे मागितले, तर ते तिकीट नाही. फसवणूक झालीच तर रडत बसू नका, घरच्यांपासून लपवू तर मुळीच नका. लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे थांबवण्याची आशा जास्त.

जत्रेतल्या किंवा महोत्सवातल्या फेरीसाठी वेगळी चौकशी. केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आहे, त्याला डीजीसीए म्हणतात. हेलिकॉप्टर भाड्याने चालवणाऱ्या कंपनीला त्यांचा परवाना लागतो. मंडपात तिकीट फाडणारा पोरगा कंपनीचा नसतो. म्हणून कंपनीचं नाव आणि परवाना दाखवा, असं सांगायचं. पाच मिनिटांच्या फेरीसाठी एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. पडायला पाच मिनिटं पुरतात, बायांनो.

आता शरीराचं. "गुडघे दुखतात, दम लागतो, म्हणून आईला हेलिकॉप्टरने नेतो," असं आपण म्हणतो. गुडघ्यांपुरतं ते खरं आहे. गौरीकुंडपासून सुमारे 16 किलोमीटरची चढण वाचते. पण दमाचं उलटं आहे. गुप्तकाशी समुद्रापासून जवळपास आपल्या सिंहगडाइतक्या उंचीवर आहे आणि केदारनाथ त्याच्या अडीचपटीहून जास्त, साडेतीन हजार मीटरच्याही वर. आपलं कळसूबाई त्याच्या निम्म्यातही येत नाही. तिथली हवा विरळ. चालत जाणाऱ्याचं शरीर दिवसभरात थोडंफार सावरतं, हेलिकॉप्टरवाला काही मिनिटांत तिथे पोचतो. डोकं दुखणं, मळमळ, धाप लागणं हे म्हणूनच होतं. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्या बाईने आधी डॉक्टरांना विचारायचंच. आदल्या रात्री गुप्तकाशीला मुक्काम करायचा. वर पोचल्यावर धावपळ करायची नाही, सावकाश चालायचं. धाप थांबत नसेल तर दर्शन बाजूला ठेवून खाली यायचं. देव कुठे जात नाही.

वजनाचाही विषय आहे. तिकिटावर वजन लिहावं लागतं आणि हेलिपॅडवर काट्यावर उभं करतात. ठरलेल्या मर्यादेवर वजन गेलं तर जादा पैसे घेतात. हे ऐकून आमच्या दोघी-तिघी गप्पच झाल्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. विरळ हवेत पंख्याला उचल कमी मिळते, त्यामुळे वर जाताना एकेक किलो मोजावा लागतो. कोण कुठे बसणार हेही वजन बघूनच ठरवतात, तिथे खिडकीसाठी भांडण चालत नाही. गटाने एवढंच करावं, वजनं बैठकीत सर्वांसमोर विचारू नयेत. प्रत्येकीने दवाखान्यातल्या काट्यावर करून चिठ्ठीवर खरा आकडा लिहून द्यावा.

सामानही दोन-चार किलोच नेऊ देतात. आणि असं होऊ शकतं की सकाळी वर गेलो, दुपारी ढग आले, परतीची फेरीच रद्द. मग रात्र वरच काढायची, नाहीतर पायी उतरायचं. म्हणून स्वेटर, कानटोपी, मोजे अंगावरच घालायचे. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या, थोडी रोकड आणि बॅटरीचा टॉर्च कमरेच्या पिशवीत. मोठी बॅग खाली हॉटेलात.

हेलिपॅडवर पंख्याचा वारा जोराचा असतो. पदर खोचून पिन लावायची, ओढणी बांधायची, डोक्यावर काही सुटं ठेवायचं नाही. कर्मचारी सांगेल त्याच बाजूने, वाकून जायचं. मागच्या बाजूला कधीही जायचं नाही, तिथला छोटा पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर त्याच पंख्याने एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव घेतला. फोटो काढायचे ते लांब उभं राहून.

जायचं कधी? केदारनाथची दारं उघडायची तारीख महाशिवरात्रीला जाहीर होते आणि भाऊबीजेला दारं बंद होतात. मे-जूनमध्ये गर्दी फार. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, फेऱ्या बहुतेक बंद. आपल्याला सोयीचा काळ गौरी-गणपती आटोपल्यानंतरचा. आवणी, बेणणी झालेली असते, इंद्रायणी कापणीला यायला अवकाश असतो. तिकडेही पाऊस ओसरून डोंगर उघडे पडायला लागतात. सकाळची फेरी घ्यावी, दुपारनंतर ढग चढतात. पण सकाळ म्हणजे खात्री नव्हे, हे दोन अपघातांच्या तारखा सांगतातच.

नेपाळचंही थोडं सांगतो, कारण पशुपतिनाथाच्या सहलीत हिमालयाचं विमान हल्ली जोडून देतात. सकाळी काठमांडूहून उडून तासाभरात एव्हरेस्ट दाखवून आणतात. बऱ्याच विमानांत प्रत्येकाला खिडकी मिळते. ज्यांना नुसतं बघायचंय त्यांच्यासाठी हे चांगलं. पण तिथेही 25 सप्टेंबर 2011 ला असंच एक विमान ढगाळ हवेत कोसळून आतले सगळे 19 जण गेले. तेव्हा नियम तोच, पैसे परत आणि एक दिवस मोकळा. शिवाय विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर चालेल असं समजून निघू नका.

आता त्या सहाजणींचं, ज्यांना विमानात एकदा बसायचंच होतं. त्यांच्यासाठी साधं प्रवासी विमान. दोन-तीन महिने आधी, सुट्ट्या आणि सण टाळून तिकीट काढलं तर स्वस्त पडतं. जाताना विमान, येताना रेल्वे, असंही करता येतं. बघण्याची हौस असेल तर गोव्यासारख्या जवळच्या मार्गावर पंख्यांचं लहान विमान मिळतंय का बघा, त्याला एटीआर म्हणतात. ते मोठ्या विमानापेक्षा खालून उडतं आणि त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं नीट दिसतं. मोठ्या विमानात मधल्या रांगांच्या खिडकीतून नुसता पंखच दिसतो, म्हणून पुढची किंवा अगदी मागची जागा मागायची. पुण्याहून गोव्याला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. सकाळचं विमान असेल तर ऊनही डाव्या बाजूला राहतं, म्हणजे उजवी खिडकी दोन्हींसाठी बरी. खिडकीचे वेगळे पैसे लावतात. सहाजणींनी तीन खिडक्या घेऊन अर्ध्या वाटेत जागा बदलली तरी चालतं.

शेवटी गटाच्या पैशांचं. सहलीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं नाही, बँकेच्या कर्जाला तर हातच लावायचा नाही. ते पैसे शिलाई मशीनचे, शेळीचे, भाताच्या बियाण्याचे. सहलीची वेगळी भिशी काढायची, तिची वही वेगळी आणि खजिनदारही वेगळी. मधेच कुणाला पैसे परत हवे झाले तर द्यायचे, असा ठराव इतिवृत्तात लिहायचा.

आणि एक ठराव आम्ही मुद्दाम केला. जिला भीती वाटते तिने हेलिकॉप्टरात बसायचं नाही, आणि तिला कुणी चिडवायचं नाही. हेलिपॅडवर ऐनवेळी पाय मागे घेतला तरी चालेल. ती खाली हॉटेलात थांबेल, घोड्याने जाईल किंवा पायी जाईल, तिच्यासोबत गटातली एकजण राहील. सोबत कोण राहणार ते निघण्याआधीच ठरलेलं असेल. हा ठराव वाचून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, "मग मी येते. मला वाटलं होतं, आले की बसावंच लागेल." वर्षभर त्या सहलीचं नाव काढलं की उठून चहा ठेवायला जायच्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि पाच प्रश्न फळ्यावर लिहा. आपल्याला कशासाठी उडायचंय? उडवणारी कंपनी कोणती, परवाना आहे का? हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का? आपल्याकडे एक दिवस मोकळा आहे का? आणि कुणाची तब्येत किंवा मन तयार नसेल तर तिची सोय काय? पाचही उत्तरं मिळाली तर खुशाल भिशी सुरू करा. एखादं अडलं तर ते सुटेपर्यंत थांबा. आपल्या पैशांनी, आपल्या मर्जीने वर जायचंय, मग घाई कुणाची?

पुढच्या वेळी भेटू, तेव्हा तुमच्या गटाने काय ठरवलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.